गटाची बैठक समानुभूतीने कशी घ्यावी

बीड जिल्ह्यात बचत गटाच्या बायकांना समजून घेण्याचं काम अंगावर आलेल्या प्रशिक्षकाने आधी महिना निवडावा. नोव्हेंबर उत्तम. दिवाळी उरकून धारूर, वडवणी, केजकडचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यांवर गेलेले असतात. गर्दी नसल्याने प्रत्येकीकडे नीट लक्ष देता येतं. (जिल्ह्यात नव्याने बदलून आलेल्यांसाठी: कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक, बाई एकटी असली तर अर्धा.)

सुरुवात पंचसूत्रीने करावी. पहिलं सूत्र नियमित बैठक, म्हणून गैरहजर बायांना दंड लावावा. त्याच आठवड्यात फडात खाडा झाला म्हणून मुकादमानेही दंड कापलेला असेल. हरकत नाही, शिस्त दोन्हीकडून लागलेली बरी.

मग समानुभूतीचा खेळ घ्यावा. आपण खुर्चीवर, बाया सतरंजीवर. सगळ्यांनी डोळे मिटून स्वतःला दुसरीच्या जागी कल्पावं. दिवसभर कापूस वेचून आलेल्या काहीजणी इथेच घोरू लागतात. अहवालात 'सखोल सहभाग' असं नोंदवावं.

आता बोलतं करायचं. अध्यक्षा आणि सचिव आपणहून बोलतील, त्यांना बोलू द्यावं. अडचण मागच्या रांगेची. तिथून कुणी म्हणेल, "मॅडम, पिशवी काढल्यापास्नं कंबर धरती, म्हणून यंदा उसाला गेले नाय." अशा वेळी घाबरू नये. चेहरा गंभीर करून, "मी समजू शकते," म्हणावं आणि थांबावं. पुढे काही विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. शिवाय विषय हाताळून झालेला आहे: 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13 हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात ही धरली गेली असेलच. इतिवृत्तात 'इतर विषय' लिहून थकीत हप्त्यांकडे वळावं.

शेवटी पुढच्या मोठ्या बैठकीची तारीख. ती आपण लादू नये, बायकांनाच विचारावं. त्या म्हणतील, पाडव्यानंतर घ्या, सगळ्या परत आलेल्या असतील. ही सूचना मान डोलवून मनापासून ऐकावी, फळ्यावरही लिहावी. मग डायरी उघडून डिसेंबरातला मोकळा मंगळवार पक्का करावा, कारण उद्दिष्ट मार्चअखेर पूर्ण करायचं असतं.