झिरो टू हंड्रेड, व्हाया चांदणी चौक

पुण्यात गाडी असलेले लोक लाखांनी आहेत. गाडी ‘मानणारे’ मात्र मोजके. ओळखायची खूण सोपी. त्याला नुसतं विचारा, “किती देते हो?” ज्याच्याकडे फक्त गाडी आहे तो खुशीत सांगेल, “हायवेला अठरा.” मानणारा तुमच्याकडे क्षणभर बघेल, तुमच्या अज्ञानाला मनातल्या मनात क्षमा करेल आणि म्हणेल, “नऊ पॉइंट सात.” हे किलोमीटर नव्हेत, सेकंद आहेत. शून्यावरून ताशी शंभरला पोचायला त्याच्या गाडीला लागणारे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा पंथ एकसंध होता. भांडणं होती, पण ती घरातली: मॅन्युअल की ऑटोमॅटिक, टर्बो की साधं इंजिन, टायर कुठले. मग गाडीत वीज शिरली आणि पंथ फुटला. आता ताम्हिणीच्या वाटेवर रविवारी सकाळी मिसळ खायला थांबलात, तर त्याचे दोन तुकडे एकाच टेबलावर समोरासमोर बसलेले दिसतात. एकाला आपण टर्बोशेठ म्हणू, दुसऱ्याला किलोवॅटराव.

टर्बोशेठकडे पोलो जीटी टीएसआय आहे. चाकणच्या कारखान्यात २०२२ मध्ये पोलो बनायची थांबली, तेव्हापासून ती त्याच्या लेखी गाडी राहिलेली नाही, इस्टेट झाली आहे. रविवारी पहाटे पाचला तो ती सुरू करतो आणि नुसताच बसून राहतो. थंड इंजिनाला रेटायचं नसतं, टर्बोला तेल पोचू द्यायचं असतं. तेवढ्या वेळात सोसायटीचा तिसरा मजला जागा होतो. परतल्यावरही तो लगेच किल्ली काढत नाही. आता टर्बो निवायचा असतो. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाने घेतो आणि त्याची पावती जपून ठेवतो. का, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही. कानाने मात्र तो पक्का. तीन गल्ल्या पलीकडून गेलेल्या गाडीचे सिलिंडर मोजून सांगतो. मर्सिडीजने सी ६३ मधलं आठ सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं बसवलं, तेव्हा त्याने रीतसर सुतक पाळलं. नव्या गाडीची ताकद जुनीपेक्षा जास्त आहे, असं कुणीतरी सांगू गेलं. अशा प्रसंगी ताकदीचं बोलू नये, एवढी समज त्या माणसाला नव्हती.

किलोवॅटराव परवापरवापर्यंत पेट्रोलवालाच होता. मग महिंद्राची बीई ६ घेतली आणि पालटला. नुकतीच माळ घातलेला माणूस ताटातला कांद्याचा तुकडा जसा बरोबर हेरतो, तसा तो आता दुसऱ्याच्या गाडीतला टर्बो लॅग हेरतो. “दाबलं की जाते,” हे त्याचं अख्खं तत्त्वज्ञान. विजेच्या मोटरचा टॉर्क शून्यापासूनच हजर असतो, गिअर टाकायचे नसतात, इंजिन फिरायची वाट बघायची नसते. हे खरंही आहे. पण खरं असूनही ते दर रविवारी पहिल्यापासून सांगावं लागतं, हे काही पटत नाही.

वाद साधारण आकड्यांपासून सुरू होतो. टर्बोशेठ गोल्फ जीटीआय काढतो; स्वतःची नव्हे, गप्पांतली. २०२५ मध्ये ती भारतात आली ती ५३ लाखांना, शून्य ते शंभर ५.९ सेकंदांत. किलोवॅटरावची सर्वांत वरची बीई ६ आली तेव्हा २६ लाख ९० हजारांना होती आणि कंपनीचा दावा ६.७ सेकंदांचा. “म्हणजे आठ दशांश सेकंदांसाठी २६ लाख,” किलोवॅटराव मोबाइलवर भागाकार करतो, “दर दशांशाला सव्वातीन लाख पडले, लेका.” टर्बोशेठ गडबडत नाही. “आणि वजन? तुझं ते दोन टनांचं धूड घाटात वळवून दाखव.” इथे पहिली मिसळ संपते.

दुसरी मिसळ आवाजावर जाते. बीई ६ मधले आवाज ए. आर. रहमानने बसवलेले आहेत. टर्बोशेठच्या हाती याहून मोठं कोलीत कुणी दिलं नसतं. “आमच्या गाडीला इंजिन लागतं, यांच्या गाडीला रहमान!” सगळं टेबल हसतं. किलोवॅटराव हसू ओसरू देतो आणि मग शांतपणे सांगतो की हल्लीच्या कित्येक टर्बो गाड्यांतही इंजिनाचा आवाज स्पीकरमधून फुगवून आत सोडतात. हे टर्बोशेठला माहीत आहे. ते उघड बोलायचं नसतं, एवढंच. उलटून तो ह्युंदाईची आयॉनिक ५ एन काढतो: विजेची गाडी, गिअर नाहीत, तरी गिअर बदलल्याचे खोटे हिसके देते, वर खोटा आवाज. “एवढंच होतं तर सोडलं कशाला?” याचं उत्तर किलोवॅटरावकडे नाही. ती चालवून बघायची इच्छा मात्र आहे. आणि खरं सांगायचं तर टर्बोशेठलाही आहे.

मग इतिहास. ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडणारी पहिली मोटार विजेची होती. १८९९ साली पॅरिसजवळ कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियनाने ती १०५ वर नेली. किलोवॅटराव हे अशा थाटात सांगतो की जेनात्झी त्याचा चुलता वाटावा. “आणि तीन वर्षांत मोडला तो विक्रम,” टर्बोशेठ म्हणतो. “मोडला, पण वाफेच्या गाडीने. तुझं पेट्रोल तेव्हाही मागून येत होतं.” वर डेक्कन क्वीन येतेच: १९३० पासून विजेवर घाट चढणारी.

तिथून गाडी शेतात शिरते. “तुझी बॅटरी चंद्रपूरच्या कोळशावर भरते,” असं टर्बोशेठने म्हटलं की “माझी कोयनेच्या पाण्यावर,” असं उत्तर येतं. जणू महावितरणने त्याच्यासाठी कोयनेहून वेगळी तार ओढली आहे. पण खरा घाव पुढे बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यातलं काही उसाचं. “भावा, तुझ्या टाकीचा पाचवा हिस्सा साखर कारखान्याचा आहे. तू टर्बो चालवत नाहीस, गुऱ्हाळ चालवतोस.” शंभर ऑक्टेनच्या त्या पावत्या का जपल्या होत्या, हे टर्बोशेठच्या बायकोला इथे कळावं.

गंमत एकाच ठिकाणी होते. गाड्यांना दाखले देणारी एआरएआय ही संस्था कोथरूडला टेकडीवर आहे आणि दोघंही सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जातात. “कागदावर ६८० किलोमीटर, खरी रेंज बोल.” “पाचशेच्या आसपास. तुझ्या कागदावर सतरा होतं, गावात काय पडतं?” “दहा.” म्हणजे जो प्रश्न दुसऱ्याने विचारला तर अपमान होतो, तोच दोघं एकमेकांना खाली आवाजात विचारून घेतात.

या सगळ्या सेकंदांचं पुण्यात करायचं काय, हे विचारू नये. टॉमटॉमच्या २०२४ च्या मोजणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागत होती. चांदणी चौकातून निघून कर्वे रस्त्याला लागेपर्यंत २८६ अश्वशक्तीची बीई ६ आणि टर्बोशेठची पोलो एकाच गतीने सरकतात, आणि सिग्नल हिरवा झाला की दोघांच्या नाकासमोरून पीएमपीची विजेवरची बस, चाळीस प्रवासी घेऊन, सगळ्यांत आधी निघून जाते. त्या ड्रायव्हरला आपण दोन पंथांना हरवलं हे ठाऊकही नसतं.

सोसायटीच्या सभेत पार्किंगमध्ये चार्जर बसवायला परवानगी द्यायची का, हा विषय निघाला, तेव्हा आगीची भीती घातली गेली, मीटर कुणाचा याच्यावर तासभर खल झाला. किलोवॅटरावच्या बाजूने सर्वांत मोठ्याने भांडला तो टर्बोशेठ. केबलचा गेज, एमसीबी, अर्थिंग, सगळं त्याला तोंडपाठ होतं. शत्रूचा अभ्यास म्हणायचा की आणखी काही, ते विचारायची सोय नव्हती. आणि किलोवॅटरावची जुनी पेट्रोल ऑक्टेव्हिया अजून कव्हरखाली उभी आहे. “गिऱ्हाईक मिळत नाही,” असं तो सांगतो. जाहिरात मात्र त्याने कुठेच दिलेली नाही. टर्बोशेठनेही एकदा बीई ६ चालवली. पाय दाबला, डोकं मागे आदळलं, बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सीट बरी आहे.”

तेव्हा यांच्या वादात निवाडा द्यायला कुणी जाऊ नये. तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने आधीच देऊन ठेवला आहे. तिथे मोटारींना घाटात ताशी ६० ची मर्यादा आहे, सपाटीला १०० ची, आणि वर कॅमेरे आहेत. ज्या शंभरसाठी हे सगळं चाललंय, तो आकडा कायद्याने शेवटचा आहे. तिथे सहा सेकंदांत पोचा नाहीतर सोळा, पुढे जायला दोघांनाही बंदी आहे.