जोडकांदा: नव्वदीचा दंगा पुन्हा ऐकणाऱ्यांसाठी घडीपत्रिका

कांद्यावर घडीपत्रिका निघते, उसावर निघते, शेळीपालनावर तर विचारूच नका. पण खंडाळा तालुक्यात पंचेचाळिशीला टेकलेल्या गड्यांचा एक वर्ग असा आहे, की ज्यांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत नव्वदीतल्या कॅसेटी पडून आहेत आणि ज्यांना दर दिवाळीच्या साफसफाईत त्या पुन्हा ऐकायची हुक्की येते. त्यांना कोणी वाली नाही. गिटारच्या कल्लोळात तोंडाला येईल ते बडबडणारं ते संगीत पंचवीस वर्षांनी कसं ऐकावं, किती ऐकावं आणि कोणासमोर अजिबात ऐकू नये, याचं शास्त्रोक्त मार्गदर्शन कुठेच उपलब्ध नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत घडीपत्रिका. लेखक स्वतः बाधित शेतकरी आहे. नुकसानभरपाई अद्याप मिळालेली नाही.

कार्यक्षेत्र

खंडाळा म्हणजे पारगाव-खंडाळा, जिल्हा सातारा. लोणावळ्याजवळचं नव्हे. १९९८ साली ‘गुलाम’ सिनेमात आमिर खानने राणी मुखर्जीला ज्या खंडाळ्याला चलतेस का म्हणून विचारलं, ते हे गाव नाही. इथे धबधबे पाहायला कोणी येत नाही. इथे खंबाटकी घाट चढण्याआधी गाडीत पाणी भरायला थांबतात. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होतो. कुठला? खंडाळ्याचा, म्हटलं की समोरचा लगेच ते गाणं सुरू करायचा. पहिलं वर्षभर मी ‘ते नव्हे हो, शिरवळच्या पुढचं’ असं समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.

अर्थात त्या गाण्यावर माझा राग असला तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. जतिन-ललितची चाल, नितीन रायकवारचे शब्द, आणि आमिर गातो कमी, टपोरीसारखा बोलतो जास्त. ठेक्यावर बोलायचं आणि त्याला गाणं म्हणायचं, हा रोग तोवर आपल्याकडे पोचला होता.

पिकाची ओळख

लोणंदच्या मार्केटात माल ओतला की जोडकांदा बाजूला काढतात. एकाच सालात दोन कांदे. ना हा पुरा, ना तो पुरा, आणि भाव निम्मा. रॅप आणि रॉक यांचं हे पीक तसलंच. अमेरिकेत १९८६ साली रन-डीएमसीने एरोस्मिथ या जुन्या रॉक बँडला सोबत घेऊन त्यांचंच गाणं नव्याने केलं, १९९१ मध्ये अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमीने तोच प्रयोग जास्त दणक्यात केला, आणि मग दशकभर ज्याला गाता येत नव्हतं आणि गिटार वाजवणारा मित्र होता, अशा प्रत्येकाने लागण केली.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच की, असं म्हणणारा एक पाहुणा प्रत्येक घरात असतो. त्याला चहा द्यावा. वाद घालू नये. शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो. इथे गडी स्वतःचा सांगतो, तोही न केलेला.

बियाणे

आमच्या पिढीला शुद्ध बियाणं मिळालंच नाही. रॅपशी पहिली गाठ बाबा सेहगलच्या ‘ठंडा ठंडा पानी’ने घालून दिली, १९९२ साली. ते व्हॅनिला आइस नावाच्या गोऱ्या पोराच्या गाण्यावरून, आणि त्या पोराने त्यातला मुख्य तुकडा क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या गाण्यातून उचललेला. म्हणजे आमच्या कपात आला तो तिसऱ्यांदा उकळलेल्या पत्तीचा चहा, आणि आम्ही त्यालाही वा म्हणालो.

खरी खरेदी पुण्यात. कॅसेट विकत घेण्यापेक्षा भरून घेणं स्वस्त पडे. कोरी ६० मिनिटांची कॅसेट द्यायची, यादी द्यायची, चार दिवसांनी जायचं. मी रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा १९९२ चा पहिला अल्बम भरायला दिला होता. तो साधारण ५३ मिनिटांचा. उरलेली सात मिनिटं कोरी सोडणं त्या दुकानदाराच्या तत्त्वात बसत नसे. गिऱ्हाइकाचं नुकसान नको म्हणून तो शेपटाला त्या महिन्यात चालणारं काहीतरी भरून द्यायचा. माझ्या कॅसेटच्या शेपटाला काय भरलं असेल, हे वाचकाने ओळखलंच असेल.

त्याच दुकानात कॉर्न या बँडच्या १९९८ च्या अल्बमवरून वाद झाला होता; भरायला दिलेली सीडी मित्राची होती. त्या सीडीचे पहिले बारा ट्रॅक मुद्दाम मुके ठेवलेत, प्रत्येकी पाच सेकंद. कॅन्सरने मरणपंथाला लागलेल्या एका पोरसवदा चाहत्यासाठी पाळलेलं ते एक मिनिटाचं मौन. दुकानदाराने पाचव्या ट्रॅकला सीडी बाहेर काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा घातली, आठव्याला पुन्हा काढली, आणि ‘डिफेक्टिव्ह पीस आहे’ म्हणून परत केली. मौनाचं कारण मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. तोवर मीही त्या सीडीवाल्या मित्राला बोल लावून मोकळा झालो होतो.

जमीन व हवामान

हा भाग नीट वाचावा. बाकीचा चाळला तरी चालेल.

कॉर्न म्हणजे मका, स्पेलिंग चुकवलेला. पण हा मका आला गाजराच्या गावातून. कॅलिफोर्नियातलं बेकर्सफील्ड, कर्न काउंटी: उन्हाळ्यात भाजून काढणारं, तेलविहिरींचं आणि शेतमालाचं ठिकाण. अमेरिकेच्या गाजरांचा मोठा वाटा तिथल्या जमिनीतून निघतो. गावातून ९९ नंबरचा हायवे जातो, आणि गाड्या बहुतेक करून पुढे जातात. बँडचा गायक जोनाथन डेव्हिस आधी तिथल्या शवागारात कामाला होता. त्याला बॅगपाइप वाजवता येतं आणि तो ते एका गाण्याच्या सुरुवातीला, सगळ्या गोंगाटाच्या आधी, एकटाच वाजवतो; आपल्याकडे मांडवात सनईवाला वाजवतो तसं, कोणी ऐको न ऐको.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण हॉस्टेलवर आम्हाला शहरातली पोरं म्हणायची, की तुम्हाला कसला आलाय राग? तुमच्या बापाची बागायत आहे, आई डबा पाठवते. खरंच, आमचा राग उसना होता. पण मुंबई-बंगळुरू हायवेला खेटून वाढलेल्या पोराला एक गोष्ट रोज दिसते: अख्खा देश तुझ्या गावातून कुठेतरी चाललाय, आणि तुझ्या गावात फक्त इंजिन थंड करायला थांबतोय. त्याला राग म्हणावं एवढं मोठं ते नव्हतं. पण कॉर्नच्या त्या खाली उतरवलेल्या, सात तारांच्या गिटारी घाटात पहिल्या गिअरवर चढणाऱ्या दहाचाकीसारख्या वाजत, आणि तो आवाज मी झोपेत ऐकत मोठा झालो होतो. माझ्या मते हे पीक न्यूयॉर्कचं नाही, तालुक्याचं आहे. शहरात ते उगाच वाढलं.

लागण

घरात करू नये. मी केली. वडिलांचा जुना टू-इन-वन काढला, स्पिरिट लावलेल्या कापसाने हेड पुसला, कॅसेटची ढिली फीत रेनॉल्ड्सच्या पेनाने गुंडाळून घट्ट केली. धाकटीने विचारलं, ‘पप्पा, हे मीटर आहे का कसलं?’ पट्टा सैल झालेला, त्यामुळे रेजचा झॅक दे ला रोचा एखाद्या बसलेल्या घशाच्या कीर्तनकारासारखा सुरू झाला. त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे, सांगितलेलं ऐकणार नाही, एवढा एकच मुद्दा शिव्यांसकट पुन्हा पुन्हा मांडणं. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिने मागे न बघता विचारलं, ‘कुणाला मारत्यात का काय रं?’

‘न्हाई आई. त्यो सरकारला बोलतोय.’

‘मग गप ऐकंल व्हय सरकार,’ म्हणून तिने कुकरचं झाकण लावलं.

लागणीसाठी योग्य जागा म्हणजे गाडी, आणि योग्य पट्टा म्हणजे खंबाटकी. साताऱ्याकडे जाताना जुना घाट धरावा. लाँग वीकएंडला ट्रॅफिक तुंबलं तर खामजाईच्या देवळापर्यंत पोचायला एक अख्खा अल्बम सहज लागतो, तेव्हा लांबीची काळजी नको. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना जुना बोगदा धरावा. आत शिरताना काचा वर, आवाज वर, गाण्यातला शांत भाग बोगद्यात आणि दणका बाहेरच्या उजेडात येईल असा अंदाज बांधावा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. मात्र बोगद्याबाहेर लगेच तीव्र उतार आणि ते एस वळण आहे. तिथे गाणं कितीही भरात असो, आवाज बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान स्थिर. त्या वळणावर माणसं गेलेली आहेत. मान हलवायची ती खाली खंडाळ्यात चहाच्या टपरीवर, गाडी बाजूला लावून.

प्रतवारी

हळवा कांदा लवकर येतो, ताजा असताना गोड लागतो, आणि टिकत नाही. गरवा कांदाचाळीत महिनोन् महिने बसतो. कॅसेटींची रास ओतली की ही निवड आधी करावी.

रेज गरवा. त्यांच्या गिटारिस्टने, टॉम मोरेलोने, हार्वर्डमधून सोशल स्टडीजची पदवी घेतली होती, आणि त्यांच्या पहिल्या अल्बमवर छापलंय की यात सँपल, कीबोर्ड, सिंथेसायझर काही वापरलेलं नाही. डीजेच्या तबकडीसारखा जो खरखराट ऐकू येतो तो गडी नुसत्या गिटारमधून काढतो. आणि पुरावा: २००९ साली ब्रिटनमधल्या लोकांनी टीव्हीवरच्या गायनस्पर्धेच्या विजेत्याला हरवायचं म्हणून ठरवून रेजचं तेच शिव्यांचं गाणं विकत घेतलं आणि नाताळात पहिल्या नंबरावर नेऊन ठेवलं. सतरा वर्षं चाळीत राहून माल कडक.

लिम्प बिझ्किट हळवा. उलटी लाल टोपी घातलेला त्यांचा गायक फ्रेड डर्स्ट १९९९ साली आम्हाला महापुरुष वाटे. मीही मंडईतून तसली टोपी घेतली होती, दोन धुण्यांत गुलाबी झाली. आज ऐकलं की कळतं, बँड चांगला आहे, ठेका चोख आहे, मध्येच ओरडणारा माणूस नको होता. किड रॉकवर मी शब्द खर्च करणार नाही. गोल्टी, म्हणजे बारीक माल.

कीड व रोग

एक सडला की शेजारचाही सडतो, हे चाळवाल्याला सांगावं लागत नाही. १९९९ च्या जुलैत, २२ ते २५ तारखेला, न्यूयॉर्क राज्यातल्या एका जुन्या लष्करी हवाई तळावर वुडस्टॉक भरलं. डांबरावर कडक ऊन, पाण्याची बाटली ४ डॉलरला, म्हणजे तेव्हाचे पावणेदोनशेच्या आसपास रुपये. डर्स्टच्या गाण्यावर पोरांनी फळ्या उखडल्या, शेवटच्या रात्री आगी लावल्या, आणि गर्दीत बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. त्याच तीन-चार दिवसांत आपल्याकडे आषाढी होती. माउलींची पालखी त्याआधी नीरा ओलांडून लोणंदला मुक्काम करून पुढे गेलेली. कितीतरी लाख माणसं, ड्रमऐवजी पखवाज, तेवढीच उडी, आणि दारोदारी पाण्याचे हंडे भरून ठेवलेले, फुकट. मला यातून संस्कृतीची थोरवी सांगायची नाही; वारीतही खिसे कापले जातात. पण पाणी विकत ठेवलं की गाण्याला दोष देणं सोपं जातं, एवढं नोंदवून ठेवतो.

दुसरी कीड आतली. माझी थोरली पंधराची आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. एका फेरीत, बोगद्याच्या अलीकडे, तिने गाडीत चालू असलेलं गाणं थांबवलं आणि विचारलं, ‘पप्पा, हा त्या मुलीला असं का बोलतो? तिने काय केलंय?’ मी म्हटलं, सोडून गेली असेल. ‘मग बरोबरच गेली.’ पंचवीस वर्षांत मी त्या गाण्याचे शब्द ऐकलेच नव्हते. गिटार ऐकली होती. ही कीड फवारणीने जात नाही. तेवढा माल वेचून बांधाबाहेर टाकावा.

साठवण

कॅसेटी ओलसर माळ्यावर ठेवू नयेत. फितीवर बुरशी येते, पांढरी, कांद्यावर येते तसली नव्हे पण तितकीच चिवट. उभ्या ठेवाव्यात. वर्षातून एकदा पूर्ण वाजवून घ्याव्यात.

मी रेजची ती कॅसेट परवा पूर्ण वाजवली. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती, मी तिच्याकडे चोरून बघत होतो. शेवटचं गाणं संपलं, फीत दोन-तीन सेकंद खसखसली, आणि दुकानदाराने भरून दिलेलं शेपूट सुरू झालं: आमिर खान, सैल पट्ट्यामुळे आणखीच घोगरा. आईने सूप खाली ठेवलं.

‘आता ह्ये बरंय,’ ती म्हणाली. ‘आपल्या गावाचं नाव घेतंय.’

मी काही बोललो नाही. कॅसेट उलटी केली आणि आवाज थोडा वाढवला.