एका पानाचे दीडशे

"काकू, तुमचं ब्रह्मकमळ झाडांच्या ग्रुपवर विकायला आलंय."

"माझं? कुणी तोडून नेलं की काय?"

"तुम्हीच दिलंत. आसनगावच्या ताई पावसाळ्यात पिशवीभर पानं घेऊन गेल्या नव्हत्या का? मुळं धरल्यावर आता एका पानाचे १५०, कुरिअर वेगळं. फोटोही तुमच्याच कुंडीचा. मागे तुमची मोरी दिसतेय."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "नि घेतंय कोण?"

"चौघींनी 'बुक' लिहिलंसुद्धा. वर लिहिलंय, 'हिमालयातलं दुर्मिळ'."

"अगं, ते तर निवडुंगाच्या कुळातलं!"

"मेक्सिकोकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळंच, शहापूरच्या उन्हात ते एक दिवस टिकायचं नाही."

"म्हणजे लुबाडणूकच की."

"थापेपुरती. १५० रुपये मला तरी जास्त वाटत नाहीत. कुंडी, कोकोपीट, खोका, वर दहातली चार पानं कुजतात ती वेगळीच. आणि उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं? भातसा, तानसा, मोडकसागर सगळी धरणं आपल्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि आपल्या पाड्यांवर टँकर. मे महिन्यात रोप जगवलं, तर त्याची मजुरी लावायला नको?"

"तू तिचीच वकिली करतेस."

"नफ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण फुकट मिळालेलं त्याच मंडळींत विकायचं, तर तयार झालेलं पहिलं रोप देणारीच्या दारात यायला हवं. आणि मोरी कापून तरी फोटो टाकावा!"

काकू हसल्या. मी खुर्ची कुंपणाजवळ ओढली, कारण खरी गंमत पुढे होती. ग्रुपवर एक गृहस्थ आहेत. नर्सरीत सेल लागला की एका जातीची सगळी रोपं उचलतात, आठवडाभर गप्प बसतात आणि मग तिप्पट भावाने 'शेवटची दोनच' म्हणून टाकतात. छंदाच्या मंडळींत हे मला खुपतं. दुकानदाराने केलं असतं तर मी बोललेही नसते.

"अशानेच भाव फुगतात काकू. २०२१ साली न्यूझीलंडमध्ये ऑनलाइन लिलावात पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचं एक रोप २७,१०० डॉलरना गेलं. तिकडचे डॉलर, पण आपले १३-१४ लाख होतात. पानं किती? नऊ!"

"नऊ पानांत आमच्याकडे अळूवडीही होत नाही."

"आणि अशा कित्येक जाती पुढे प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने ढिगाने निघाल्या, भाव आपटले. चढ्या भावात घेतलेल्यांनी काय करायचं? पाणी घालायचं."

"ते मुरबाडचं काय म्हणत होतीस परवा?"

"तो तर कहर. माळशेजच्या बाजूचं ऑर्किड, सीतेची वेणी, 'जंगली, थेट झाडावरून', ४०० रुपये. मुळांना सालपटं तशीच चिकटलेली. ऑर्किड सगळीच्या सगळी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांखाली येतात, पण ते सोडा. झाडावरून ओरबाडलेली कुंडीत जगते का?"

"आमच्या सासऱ्यांनी एकदा आणली होती. वाळली."

"शिंदळमाकुडी ही वनस्पतीही अशीच ओरबाडून विकतात. घाट चढून गेलं की शिवनेरीच्या कड्यावर सापडते, जगात फक्त आपल्या सह्याद्रीत. पण ती फांदीवरून सहज लागते. घरी वाढवलेल्या फांदीचे कुणी ५०० घेतले तरी मी देईन. कड्यावरची फुकटही नको. ग्रुपवर मात्र उलटं, 'जंगली' लिहिलं की भाव चढतो."

"आणि बाजारात टाकळा-शेवळं घेऊन बसलेल्या बाईशी याच बाया पाच रुपयांसाठी भांडतात."

"मीही भांडते हो कधीकधी."

काकू थोडा वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या मोबाइलवरून त्या ताईला माझ्या नावाने लिही बरं."

"काय लिहू? भांडायचंय?"

"छे गं. 'बुक' लिही. दोन पानं. बघू तरी, माझ्याकडूनही कुरिअरचे घेते का."