लाभक्षेत्र

आमच्या खालच्या मजल्यावरचे जगतापसाहेब पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, त्याला आठ वर्षं झाली. पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. सोसायटीची टाकी धुवायची ठरली, की ते आधी ‘मृत साठा’ किती ते विचारतात. वसुधावहिनींनी कोथिंबीर आणायला सांगितली, तर मागणी लेखी मागतात. वहिनी देत नाहीत. मग ते कोथिंबीर आणतात, पण निषेध नोंदवून.

जानेवारीत त्यांच्या मेघाला दिवस गेल्याचा पुण्याहून फोन आला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्यात ओटी भरून ती साताऱ्याला येणार. वहिनींनी त्याच संध्याकाळी ट्रंकेतली जुनी, मऊ झालेली लुगडी काढली. साहेबांनी फाईल काढली. वर ठळक अक्षरात लिहिलं, ‘कामाचे नाव : मागील खोलीचे बाळखोलीत रूपांतर करणे’. खाली अंदाजपत्रक आणि तळाशी प्रशासकीय मान्यतेसाठी वहिनींच्या सहीची जागा.

“अहो, पोर तीन महिने राहणार आणि पुण्याला जाणार,” वहिनी म्हणाल्या. “त्याला खोली कशाला हवी? माझ्या खाटेशेजारी झोळी बांधली की झालं.”

“धरण बांधताना पाणी किती दिवस थांबणार, असं कुणी विचारतं का?”

“विचारतात की,” मी म्हणालो. “विरोधी पक्षवाले.”

या एका वाक्याची शिक्षा म्हणून मला त्रयस्थ तपासणी अधिकारी नेमण्यात आलं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. “तुम्हाला न वाचता सह्या करायची सवय आहे,” असं कारणही तोंडी देण्यात आलं.

पहिल्याच पाहणीत मागच्या भिंतीला ओल निघाली. रंगाचे पोपडे सुटले होते. रंगारी इब्राहिमभाई म्हणाले, “लांबी भरून टाकू, साहेब. वर दोन हात मारले की दिसणार नाही.” साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की भाईंनी हातातली पत्ती खाली ठेवली. “भाई, पाणी कुठं मुरतंय हे शोधण्यात माझी नोकरी गेली.” चार दिवस ते भिंतीला हात लावून लावून खडूने ओलीची हद्द आखत होते. पाचव्या दिवशी उगम सापडला, आमच्या मोरीच्या सांध्यात. अशा रीतीने तपासणी अधिकारीच आरोपी निघाला आणि कामाचा पहिला खर्च माझ्या खिशातून झाला.

मग रंगाचा प्रश्न आला. आल्यागेल्याने सल्ले दिले, मुलगा असेल तर निळा, मुलगी असेल तर गुलाबी. १९९४ च्या कायद्याने पोटातल्या बाळाचं लिंग विचारायची आणि सांगायची, दोन्ही सोयी बंद आहेत, आणि साहेबांना हा कायदा मनापासून पटतो. पण फाईल कोरी ठेवणं त्यांना जमत नाही. त्यांनी शेरा मारला, ‘लाभार्थीबाबत तपशील उपलब्ध नसल्याने व तो मागविणे बेकायदेशीर असल्याने पिवळा रंग प्रस्तावित.’ वहिनींनी तोवर कुंची लाल कापडाची शिवून टाकली होती. कुणालाही न विचारता.

हसू येतं खरं, पण या माणसाचं काम चोख. खिडकीवर तीस वर्षांपूर्वीचा ऑइलपेंट होता. त्यात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू दिलं नाही. पाणी मारून घासायला लावलं आणि सगळा चोथा गोळा करून घेतला. नव्या रंगाच्या डब्यावरचं बारीक लिखाण भिंगातून वाचलं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नको, असा आपल्याकडे २०१७ पासून नियम आहे. तो इब्राहिमभाईंना डब्यासमोर उभं करून समजावला. मेघा येण्याआधी पुरता महिनाभर खिडक्या उघड्या ठेवून वास घालवला. रोज सकाळी स्वतः खोलीत उभे राहून हुंगायचे आणि नोंद करायचे : ‘वास – मध्यम’, ‘वास – किंचित’, ‘वास – शेजारच्या फोडणीचा’.

कपाट त्यांनी भिंतीला चार ठिकाणी लोखंडी पट्ट्यांनी जखडलं. मी म्हटलं, हे जरा जास्त होतंय. साहेब काही बोलले नाहीत. पट्टीचा शेवटचा स्क्रू पिळत राहिले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, पाटण तालुक्यातल्या एका खेड्यात. थोड्या वेळाने म्हणाले, “आणि भूकंप नाही झाला, तरी पोरं खणात पाय देऊन चढतातच.” मी सही केली. त्या दिवशी वाचून केली.

पाळणा सुताराकडून करून घेतला, त्याची कथा आमच्या सोसायटीत अजून सांगतात. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरहून जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं, हे साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. सुताराकडे टेप होता. पण साहेबांचा माणसाच्या टेपवर विश्वास नाही. ते मंडईतून एक मोसंबं आणि एक लिंबू घेऊन आले. “लिंबू गेलं तरी हरकत नाही. मोसंबं अडकलं पाहिजे.” पाळण्याला बत्तीस गज. बत्तीस फटींवर मोसंबं टेकवून झालं. एका फटीतून ते सुळकन पलीकडे गेलं. सुतार म्हणाला, “साहेब, मोसंबं बारीक आहे.” साहेबांनी दुसरं आणलं. तेही गेलं. गज बदलला गेला. सुताराने दोन्ही मोसंबी सोलून खाल्ली. तेवढीच त्याला वरकमाई.

पाळणा टांगल्यावर भारचाचणी. साहेबांनी झोका दिला मात्र, वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. “अहो, रिकामा पाळणा हलवू नये!”

“रिकामा कुठंय? दहा किलो शरबती गहू आहे.”

खरंच होता. बाळ तीन किलोचं धरलं, सुरक्षागुणांक तीन, झाले नऊ. पोतं दहाचंच मिळतं. अर्धा तास तो गहू झोके घेत होता आणि साहेब कड्यांकडे कान लावून बसले होते. कड्या कुरकुरल्या नाहीत. वहिनींनी जाताजाता गव्हावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्या आठवड्यातल्या पोळ्यांना कुणीच नावं ठेवली नाहीत.

साहेबांची खरी झेप मात्र छताची. “सगळे भिंती सजवतात,” ते म्हणाले. “त्या कुणासाठी? पाहुण्यांसाठी. बाळ पाठीवर झोपतं. त्याची दर्शनी बाजू छत!” मला हे एकदम पटलं. इब्राहिमभाईंनी मान वर करून सहा दिवसांत छतावर एक नदी काढली. तिच्यावर बांध, बांधातून निघालेला डावा कालवा, उजवा कालवा, काठावर बगळे आणि आग्रहाखातर एक हत्ती. भाईंची मान पुढे आठवडाभर तशीच राहिली. पाळण्यावर वहिनींनी सावंतवाडीहून मागवलेलं लाकडी चिमण्यांचं झुंबर टांगलं. साहेबांनी पूर्णत्वाचा दाखला लिहिला.

ऑगस्टमध्ये नात झाली. बाराव्या दिवशी बारसं झालं, त्या पाळण्यात, त्या छताखाली. बायका ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करत होत्या आणि साहेब बाळाची नजर कुठं जाते ते बघत होते. नजर कुठंच जात नव्हती. दुसऱ्या दिवशी तपासणीत त्यांनी डॉक्टरीणबाईंना छताविषयी विचारलं. बाई हसल्या. “आजोबा, एवढ्या बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचंच बरं दिसतं. तेही काळं-पांढरं ठळक असलं तर.”

छत दहा फुटांवर. म्हणजे तीन मीटर. साहेब घरी आले, फाईल उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘छत लाभक्षेत्राबाहेर.’

पुढे जे व्हायचं तेच झालं. बाळ वहिनींच्या खाटेशेजारी झोळीत झोपायला लागलं. साताऱ्याचा पाऊस, कपडे वाळेनात. बाळखोलीतला पंखा घरात सर्वांत चांगला, म्हणून तिथे दोऱ्या बांधल्या गेल्या. नदीखाली, बगळ्यांखाली, हत्तीच्या सोंडेखाली बावीस लंगोट आणि नऊ दुपटी वाळत असायची. साहेबांनी तक्रार केली नाही. उलट दोऱ्या सैल पडू नयेत म्हणून मध्ये एक आधार दिला.

एका दुपारी मी खाली गेलो, तेव्हा साहेब झोळीवर वाकले होते. त्यांच्या चष्म्याची काड्यांपासून काचेच्या कडेपर्यंत काळीभोर जाड फ्रेम, आणि त्याभोवती पांढरी दाढी, चार दिवसांची. नात त्या फ्रेमकडे टक लावून पाहत होती. साहेब हलले की तिचे डोळे हलत. “टेप आणा,” ते ओठ न हलवता म्हणाले. मी त्यांच्या नाकापासून तिच्या नाकापर्यंत माप घेतलं. पंचवीस सेंटिमीटर. त्यांनी तसंच वाकून, न बघता, मापपुस्तिकेत आकडा लिहिला. मग अर्धा तास सरळ झालेच नाहीत. रात्री पाठीला मलम वहिनींनी चोळलं.

दिवाळी झाली, जावई आले, मेघा बाळाला घेऊन पुण्याला गेली. दोऱ्या निघाल्या. वहिनी म्हणाल्या, “आता काय करायचं या खोलीचं?”

“पाणी सुटलं म्हणून धरण पाडतात का? संक्रांतीला बोरनहाण आहे. रब्बीचं आवर्तन.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. “तुमच्या मोरीचा सांधा पुन्हा गळतोय. ताबडतोब खाली या.”

मी गेलो. साहेब भिंतीकडे तोंड करून पाळण्याशेजारी उभे होते. मी भिंतीला खालपासून वरपर्यंत हात लावून पाहिला. ठणठणीत कोरडी. पाणी कुठं मुरतंय ते मला दिसत होतं; पण तपासणी अहवालात त्याचा रकाना नाही. मी म्हटलं, “हो साहेब, गळतोय. बघतो.”