पण रिव्हर्सला काय?

तुम्ही फ्रिज घ्यायला निघालात की "घाई करू नका" म्हणत आडवा येणारा गृहस्थ तुमच्याही ओळखीचा असणारच. त्याने स्वतः कित्येक वर्षांत काही विकत घेतलेलं नसतं; पण बाजारात काय काय मिळतं हे त्याला दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक असतं. आमच्या वाट्याला आलेला नमुना सिल्वासात, किलवणी नाक्याजवळ राहतो. समुद्र तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, दमणला. आणि ह्यांचा खास विषय कोणता, तर शिडाच्या यॉटला पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, कुठला बसवावा! सगळे त्यांना पंखेसाहेब म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, ह्यांचं सीलिंग फॅनचं दुकान असेल.

साहेब मूळचे मालवणकडचे. करसवलतींच्या काळात इथे कारखान्यांची रांग लागली, तेव्हा एका सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सला आले. दोन वर्षांच्या बोलीवर. निवृत्तही तिथूनच झाले.

माझ्या मेव्हण्याचा मुंबईत एका जुन्या तीस फुटी यॉटमध्ये चौथा हिस्सा आहे. ती गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते, पावसाळ्यात बाहेर काढून ठेवतात. हिवाळ्यात शर्यती, सुट्टी मिळाली की मुरुड, जमलं तर गोवा. तिचा पंखा झिजला होता. दिवाळीला तो आमच्याकडे आला आणि चहा पिता पिता साहेबांसमोर हे बोलून गेला. साहेब कप तसाच ठेवून उठले आणि घरून दोनशे पानी वही घेऊन आले.

"तीन पात्यांचा फिक्स बसवलास तर इंजिनावर उत्तम. पण शीड चढवून इंजिन बंद केलंस की तीच पाती पाण्याला आडवी. पडलेल्या वाऱ्यात अर्धा-एक नॉट खाऊन टाकतील."

"मग फोल्डिंग घेतो, काका."

"घे की. इंजिन बंद झालं की पाती पाण्याच्या रेट्याने छत्रीसारखी मागे मिटतात. शर्यतीला झकास." मेव्हण्याचा चेहरा उजळला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पण रिव्हर्सला काय?"

मुद्दा खोटा नाही. नावेला ब्रेक नसतो. जेट्टीशी थांबायचं तर पंखा उलटा फिरवूनच. फोल्डिंगची पाती शाफ्टच्या फिरण्याने बाहेर फेकली जातात म्हणून उघडतात. उलट फिरवताना पंख्याचा स्वतःचाच जोर त्यांना मिटवायला बघतो. दोन्ही पाती दातेरी चाकांनी जोडलेल्या नव्या पंख्यांत हे बरंच सुधारलंय, हे साहेबांना मान्य आहे. पण सासूला सुनेचा स्वयंपाक मान्य असतो तितपतच.

राहिला फेदरिंग. त्याची पाती मिटत नाहीत, प्रवाहाला कड देऊन उभी राहतात, आणि रिव्हर्सला स्वतःभोवती फिरून धार बरोबर बाजूला आणतात. मेव्हणा म्हणाला, "बस, हाच." साहेबांनी पान उलटलं. किंमत. वेळच्या वेळी ग्रीस. शिवाय मुंबईच्या कोमट पाण्यात नाव महिनाभर उभी राहिली की पंख्यावर शिंपल्यांची साल चढते, मग सांधे फिरणार कसे? आणि हँडिकॅपच्या शर्यतीत फिक्स पंख्याला जी सवलत मिळते, तीही गेली. रात्रीचे अकरा वाजले. मेव्हणा पंखा सोडून यॉटमधला हिस्साच विकायच्या गोष्टी करू लागला.

तेव्हापासून ते वाक्य नाक्यावर मोकाट सुटलं. एका शेजाऱ्याच्या मुलीला कॅनडाचं स्थळ आलं. साहेबांनी पत्रिका, पगार, फोटो सगळं पाहिलं आणि विचारलं, "पण रिव्हर्सला काय?" मुलीचा बाप उठून गेला. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, तेव्हा टपरीवर फायद्या-तोट्यांचा नुसता कल्ला चालला होता. साहेब शांतपणे म्हणाले, "जोडलं, ठीक. पण रिव्हर्सला काय?" त्यावर मात्र कुणालाच बोलता येईना.

दुधनीला मधुबन धरणाच्या पाण्यावर सहलीला गेलो होतो. सगळे बोटीत बसले. साहेब काठावर वाकून मोटरीचा पंखा न्याहाळत राहिले. "रिव्हर्सला कसा ओढतो?" बोटवाला म्हणाला, "रिव्हर्स कशाला, साहेब? पाणी केवढं पडलंय, गोल फिरून येतो." साहेब दिवसभर गप्प होते.

एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन, एकट्याने, शिडावर जग फिरून पुढच्या मे महिन्यात परत आले. त्यांचं रिव्हर्सवाचून काही अडलं?"

"परत आले ना?" साहेब म्हणाले. "मी तेच विचारतोय."

शेवटी मेव्हण्याने कुणालाही न विचारता दोन पात्यांचा साधा ब्राँझचा फिक्स पंखा बसवून टाकला आणि भीतभीत साहेबांना सांगितलं. मला वाटलं, आता वही उघडणार. साहेबांनी एवढंच विचारलं, "जुन्या घडणीची, तळाला लांब कील असलेली नाव ना? पंखा कीलच्या मागेच?"

"हो."

"मग पाती उभी असतील तेव्हा आत शाफ्टवर, वरच्या अंगाला, पांढऱ्या रंगाची खूण कर. शीड चढलं की हाताने शाफ्ट फिरवून खूण वर आण आणि गिअर टाक. दोन्ही पाती कीलच्या आड जातील. पाण्याला पत्ताही लागणार नाही."

मेव्हण्याने बायकोच्या नेलपॉलिशने खूण केली. यॉट खरंच हलकी चालू लागली. फोनवर तो ओरडला, "काका, हे आधी का नाही सांगितलंत?" साहेब म्हणाले, "तू कोणता घ्यायचा ते विचारत होतास. घेतल्यावर काय करायचं, हे कुठे विचारलंस?"

साहेब आजवर एकाही यॉटवर चढलेले नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मालवणचं घर बंद आहे, दर गणपतीला जायचं ठरतं आणि राहतं, हेही त्यांनीच ओघात सांगितलं. मेव्हण्याने त्यांना फेब्रुवारीत मालवणपर्यंत यॉटवर यायचं आमंत्रण दिलंय. जाताना वायव्येचा वारा पाठीशी, येताना थेट तोंडावर. सगळं रिव्हर्सचंच प्रकरण. साहेब हे मेव्हण्यापेक्षा चांगलं जाणतात. तरी त्यांनी फक्त तारीख विचारली.

सध्या त्यांचा लाइफ जॅकेटचा अभ्यास चालू आहे, नव्या वहीत. तुमच्यापैकी कुणी अलीकडे एखादं घेतलं असेल, तर फेब्रुवारी उलटेपर्यंत किलवणी नाक्यावर त्याबद्दल कृपा करून अवाक्षर काढू नका.