लाईट आली, डबा आला नाही

घरातल्या सगळ्या संगणकांना, मोबाईलना आणि टीव्हीला राउटरमार्फत एकाच वेळी वापरता येईल अशा हार्ड डिस्कच्या पेटीला नॅस म्हणतात. पेटीत एक बारकासा संगणक असतो, तो बहुधा लिनक्सवर चालतो. डिस्क बसवायला दोन किंवा चार खण असतात. पुढे दिवे, मागे पंखा आणि नेटवर्कच्या वायरची खाच. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावी ही पेटी दोन वाटांनी येते. लग्नाचे शूटिंग करणारा फोटोग्राफर ती विकत घेतो, कारण एका लग्नसराईचा डेटा लॅपटॉपात मावत नाही. नाहीतर पुण्याला नोकरी करणारा मुलगा स्वतःला नवी घेतो आणि जुनी "फोटो ठेवायला होईल" म्हणून आईवडिलांकडे आणून टाकतो. या दुसऱ्या वाटेने आलेल्या पेटीबरोबर पासवर्ड येत नाही.

घरात तिला नॅस कोणी म्हणत नाही. ती "डबा" असते. डब्याचा मुक्काम टीव्हीखालच्या कपाटात, जुन्या सेटटॉप बॉक्सच्या शेजारी, म्हणजे हवा अजिबात खेळणार नाही अशा जागी. त्यात काय आहे असे विचारले तर "सगळं" हे उत्तर मिळते. या सगळ्यात साधारणपणे थोरल्याचे लग्न, धाकटीचे लग्न, मोहटादेवीच्या नवरात्राचे व्हिडिओ, मढीच्या यात्रेत गाढवांच्या बाजारात काढलेले फोटो, आजोबांनी सप्ताहात रेकॉर्ड केलेली कीर्तने, सातबाऱ्याचे स्कॅन आणि कोणा एकाच्या जुन्या मोबाईलचा पूर्ण बॅकअप एवढे येते. हा बॅकअप कोणी उघडलेला नसतो आणि पुसायची कोणाची हिंमत नसते. खंडेनवमीला डब्यावर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल पडते. कुंकू जाळीतून आत जाते. ते पंख्याच्या बेअरिंगला मानवत नाही, पण पूजा चुकलेली घराला मानवत नाही.

वळवाच्या दिवसांत गर्भगिरीच्या अंगाने ढग चढतात, वारा सुटतो आणि पहिला थेंब पडायच्या आत लाईट जाते. अशा वेळी तपासाची जी पद्धत रूढ आहे ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. घरातला एकजण खिडकीतून शेजारी पाहतो. तिथेही अंधार असेल तर घराला बरे वाटते. तिथे दिवा असेल तर बिघाड आपला आणि खर्चही आपला. दुसरा गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "गेली का?" एवढेच विचारतो. मग कोणी खांबावरचा डीओ फ्यूज उडाल्याचे सांगतो, कोणी डीपीवर फांदी पडल्याचे, आणि वायरमनला सगळे एकदम फोन लावत असल्याने तो कोणालाच लागत नाही. बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे असा हा क्रम नॅसलाही लागू पडतो. पण डबा बंद पडला की क्रम उलटतो आणि तपासाच्या सुरुवातीलाच कोणीतरी स्क्रूड्रायव्हर आणतो.

वीज जाते त्या क्षणी आत काय होते, हे आधी पाहावे. डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते आणि वाचणारे डोके तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. वीज तुटली की ते आदळणार असे वाटते. प्रत्यक्षात फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातूनच मोटर थोडी वीज तयार करते आणि तेवढ्यावर डोके बाजूला नेऊन ठेवले जाते. डिस्क आपली सोय आपण करते. जाते ते मेमरीत थांबलेले, डिस्कवर उतरायचे राहिलेले. त्यासाठी फाइल सिस्टिम एक नोंदवही ठेवते: काय करणार ते आधी लिहायचे, मग करायचे. वीज आल्यावर ही वही वाचून अर्धवट कामे पुरी होतात किंवा रद्द होतात. एखाददुसरा फोटो खालून अर्धा राखाडी दिसतो, पण कपाट रिकामे होत नाही.

धोका जास्त तो लाईट येताना. गल्लीतले फ्रीज, कूलर, पाण्याच्या मोटारी एकदम ओढायला लागतात, व्होल्टेज खाली बसते, लाईट पुन्हा जाते, पुन्हा येते. घरातली पोरे "आली, गेली, आली" असे ओरडत असतात तेव्हा डब्यातली मोटर दर वेळी शून्यापासून उठत असते. खांबावरचा न्यूट्रल तुटला असेल तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब घरात शिरू शकतो. मग फ्रीज आणि टीव्हीच्या शोकात डब्याची आठवण मागे पडते. म्हणून वारा सुटला की प्लग काढावा आणि लाईट येऊन दहा-पंधरा मिनिटे टिकली की लावावा. प्लग निघतो खरा, पण लाईट आल्यावर, कारण मोबाईल चार्जिंगला सॉकेट हवे असते. तो परत कोणी लावलेला नाही, हेच पुष्कळदा बिघाडाचे संपूर्ण कारण असते.

डबा बंद असल्याचे त्या दिवशी कळत नाही. पुतण्याचा वाढदिवस उद्यावर येतो, फ्लेक्सवाल्याला रात्री नऊच्या आत चांगला फोटो द्यायचा असतो आणि चांगला फोटो डब्यात असतो, तेव्हा कळते. पुण्याला फोन जातो. मुलगा मीटिंगमध्ये असतो. तो "बंद करून चालू करा" एवढे सांगून ठेवून देतो. सल्ला वाईट नाही, पण वळवाच्या वाऱ्याने तो आधीच अमलात आणलेला असतो.

प्लग, बोर्डाचे बटण आणि एक्स्टेन्शन पाहून झाले की पहिला संशयित ॲडॉप्टर. दोन डिस्कच्या डब्याला तो बहुधा १२ व्होल्टचा असतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. चालू असेपर्यंत काम ओढून नेतात. एकदा थंड झाले की उठत नाहीत. वर्षानुवर्षे अखंड चाललेला डबा तासाभराच्या अंधारानंतर कायमचा झोपतो तो यामुळे. खूण मात्र फसवी असते. ॲडॉप्टरवरचा हिरवा दिवा लागतो, मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, डब्याचा दिवा पेटतो, पंखा अर्धा फेरा घेतो आणि सगळे विझते. दोन सेकंदांनी पुन्हा तेच. डिस्कला चालताना लागतो त्याच्या कितीतरी पट करंट उठताना लागतो, साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास; दोन डिस्क एकदम उठल्या की सुकलेला ॲडॉप्टर खाली बसतो. डिस्क काढून रिकामा डबा चालू राहत असेल तर निदान बरेचसे पक्के.

इथे जुन्या चार्जरचे खोके बाहेर येते. ते प्रत्येक घरात असते आणि त्यात "बसणारी" पिन हमखास सापडते. पिन बसणे निराळे, व्होल्ट जुळणे निराळे. लॅपटॉपचा चार्जर साधारण १९ व्होल्टचा असतो; तो डब्याला लावला तर तपास तिथेच आटोपू शकतो. योग्य ॲडॉप्टरसाठी करंजी घाट ओलांडून पन्नासेक किलोमीटरवरच्या नगरला जावे लागते किंवा तो ऑनलाइन मागवावा लागतो. दोन्हींत फ्लेक्सची वेळ टळून जाते आणि पुतण्या बारावीच्या हॉलतिकिटावरच्या फोटोनिशी चौकात झळकतो.

ॲडॉप्टर ठीक असेल तर कान लावावा. निरोगी डिस्कचा आवाज एका दमात चढतो आणि स्थिरावतो. टक्, टक्, टक्, जरा विराम, पुन्हा टक्, टक् असे ऐकू आले तर डोके आपली जागा शोधते आहे आणि ती सापडत नाही. यावर दोन घरगुती उपाय प्रचलित आहेत. एक, तळहाताने थोपटणे. हा रेडिओकडून टीव्हीला आणि टीव्हीकडून डब्याला वारसाने मिळाला. दुसरा, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवणे. बाहेर काढल्यावर गार डिस्कवर हवेतले पाणी धरते, आणि पाण्याच्या थेंबापुढे नॅनोमीटरचा काही हिशेब राहत नाही. टकटकणारी डिस्क ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी. त्याचा दर ऐकल्यावर कोणता डेटा किती मोलाचा हे घरात प्रथमच ठरते. बहुधा धाकटीचे लग्न निवडले जाते, कारण थोरल्याच्या लग्नाची सीडी आहे, अशी सर्वांची समजूत असते.

दोन डिस्कच्या डब्यात सहसा दोन्हींवर एकच मजकूर लिहिला जातो. या रचनेला रेड १ म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली आपल्या निबंधात अशा रचनांची वर्गवारी मांडली. एक गेली तर दुसरी आहे, हा हिशेब कागदावर बिनतोड आहे. पण दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या असतात. एकाच बाजारातून आणलेल्या एकाच वयाच्या बैलजोडीची गत: एक बसला की सगळे जू दुसऱ्याच्या मानेवर, आणि दुसऱ्याचेही वय तेच. त्यात अचानक बंद पडलेला डबा उठल्यावर दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहायला घेतो. चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने वाचली तर ११ तास लागतात. जुन्या प्रोसेसरला त्याहून जास्त. मधेच लाईट गेली तर काही डबे राहिले तिथून पुढे जातात, काही पुन्हा श्रीगणेशा करतात. ताडणी संपायची वाट न पाहता मोलाच्या फाइली आधी बाहेर काढून घ्याव्यात. या काळात पुढचा दिवा पिवळा लुकलुकतो. घरात पिवळ्या दिव्याचा अर्थ "बटण दाबा" असा लावला जातो.

बटणाचा विषय निघालाच आहे तर डब्याच्या मागच्या टाचणीएवढ्या भोकाबद्दलही सांगायला हवे. ते रिसेटचे. थोडा वेळ दाबले तर सहसा पासवर्ड मूळपदावर येतो. फार वेळ दाबले तर काही डबे सगळी मांडणीच नव्याने करायला निघतात. साडीची पिन घेऊन कोणीतरी पुढे सरसावलेच तर तिला सेकंद मोजायला सांगावे. डिस्क खणांतून काढताना त्यांवर १ आणि २ असे मार्करने लिहावे. आणि संगणकाने "ही डिस्क इनिशियलाइज करायची का?" असे नम्रपणे विचारले तर "होय" म्हणू नये. बाकी बऱ्याच चुका निस्तरता येतात.

सगळे दिवे हिरवे आणि तरी संगणकावर डबा दिसत नाही, हा प्रकार फार आढळतो आणि तो फारसा गंभीर नसतो. राउटर आणि डबा एकदम चालू झालेले असतात. डबा पत्ता मागतो तेव्हा राउटर स्वतःच जागा व्हायचा असतो. मग डबा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपला आपण घेऊन बसतो आणि घरातले कोणी त्याच्याशी बोलेनासे होते. किंवा राउटर वेगळाच पत्ता देतो आणि डेस्कटॉपवरचा शॉर्टकट जुन्या दारावर थापा मारत राहतो. आधी राउटर, तो स्थिरावला की डबा, असा क्रम ठेवावा आणि राउटरमध्ये डब्याचा पत्ता राखून ठेवावा. राउटरचा पासवर्ड फायबर जोडून गेलेल्या मुलाला माहीत असतो. तो मुलगा आता दुसरीकडे कामाला असतो.

डब्याच्या बोर्डावर ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, बहुधा सीआर २०३२. तो संपला असेल तर वीज गेल्यावर डबा तारीख विसरतो आणि पुष्कळदा १ जानेवारी १९७० ला जाऊन थांबतो, कारण युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. इंटरनेट मिळाले तर घड्याळ आपोआप जुळते. नाही मिळाले तर त्या रात्री चढवलेले लग्नाचे फोटो नवरदेवाच्या जन्माआधीचे ठरू शकतात, यादीत तळाला जातात, आणि फोटोग्राफर ते गेलेच असे समजून पार्टीचा फोन उचलत नाही. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो.

एक बिघाड विजेचा नसूनही तिच्या नावावर खपतो. जुने डबे फाइली देण्यासाठी एसएमबी या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने तिच्यातल्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० ने ती नव्याने बसवणे थांबवले. आधीपासून असेल तर पंधरा दिवस वापर झाला नाही म्हणून विंडोज ती काढूनही टाकू शकते. ॲडॉप्टरची वाट पाहण्यात डबा महिनाभर बंद राहिला तर नेमके हेच घडते. डबा बरा होऊन येतो आणि लॅपटॉप ओळख दाखवत नाही. डब्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून नवी आवृत्ती चालू करता आली तर ठीक. नाहीतर जुनी तेवढ्यापुरती चालू करून डेटा काढून घ्यावा आणि पुन्हा बंद करावी.

डबा उठला की घरात यूपीएसची चर्चा सुरू होते. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावायचा मोह होतो, पण दोन डिस्क उठताना तोही बसतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा पुरतो. यूएसबी वायरने तो डब्याला जोडता आला तर बॅटरी उतरायच्या आत डबा स्वतःला नीट बंद करतो. वायर खोक्यातच राहते. यूपीएसची बॅटरीही काही वर्षांत म्हातारी होते आणि तसे शिट्टी मारून सांगते. शिट्टी सिरीयलच्या वेळेला वाजली तर यूपीएस काढून माळ्यावर ठेवला जातो.

राहिली दुसरी प्रत. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. एक प्रत यूएसबी डिस्कवर घ्यावी आणि ती पुण्याला धाडावी. प्रत नीट उतरली का हे पाहायला तिच्यातली मोठी फाइल उघडून शेवटपर्यंत चालवावी लागते. घरातली सर्वांत मोठी फाइल लग्नाची, साडेतीन तासांची. ती लावली की हळदीपर्यंत सगळे मांडी घालून बसतात. मंगलाष्टकांपाशी कोणाला कुठे उभे केले होते यावरून जुने मानापमान निघतात आणि व्हिडिओ घाईने बंद करावा लागतो. म्हणून बहुतेक घरांतली प्रत तपासलेली असते ती चौथ्या मंगलाष्टकापर्यंतच.