चष्म्यातलं हृदय

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा अशा इकडे या, इथं खिडक्यांनाही कान असतात. कोपऱ्यावरच्या काकूंची नात आलीय ना, मेडिकलची? मैत्रिणीचा तो व्हीआरचा चष्मा घेऊन आली. चष्मा कसला, डबाच! डोक्याला पट्टा आवळला की समोर हे एवढं धडधडतं हृदय. आत शिरा, कप्पे बघा, झडपा बघा... मला तर बाई नुसतं ऐकूनच...

तर काय सांगत होते, काकूंनी हौसेनं लावला. "अगं माय, नळीत शिरली मी!" अन् पाच मिनिटांत खाटेवर आडव्या! नात म्हणे, डोळे सांगतात चाललोय, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं बसलोय, म्हणून मळमळतं.

तेवढ्यात बँकवाल्या ताई बोलल्याच. "आमच्या धाकट्याच्या इंजिनिअरिंगला व्हर्च्युअल लॅब आहे म्हटलं! फी उगाच का घेतात?" नात किती गोड आवाजात म्हणाली, "मावशी, ती केंद्र सरकारची. आयआयटी दिल्ली, आयआयटी मुंबई, पुण्याचं सीओईपी, सगळ्यांनी मिळून केलेली. साध्या कॉम्प्युटरवर फुकट उघडते. चष्मासुद्धा लागत नाही." ताईंचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! बशीतला चहा बशीतच.

मला विचाराल तर चष्मा वाईट नाही हो. विज्ञान हवंच म्हणणाऱ्या विनोबांच्या गावात राहून त्याला नाही कोण म्हणेल? सुई दहादा चुकली तरी कुणाला टोचत नाही. पण पोरगीच म्हणाली, कातडी कापताना हाताला जो अटकाव लागतो तो त्यात येत नाही. देह टिकवायला लावतात त्या फॉर्मलिननं डोळेही झोंबत नाहीत. "बरंच की!" काकू खाटेवरूनच. तर ती म्हणे, "आजी, देह दान केलेल्या माणसापुढे हात जोडूनच सुरुवात करतो आम्ही. चष्म्यात कुणापुढे जोडू?" काकू गप्पच झाल्या.

आणि आपलं सेवाग्राम बघा ना. डॉ. सुशीला नायर बहनजींनी 1969 साली मेडिकल कॉलेज काढलं. तिथली नवी पोरं आधी बापूंच्या आश्रमात राहतात, मग गाव दत्तक घेतात. ते कुठल्या चष्म्यात बसवणार?

बरं, तुमचा बंडू बीएस्सीला ना? ती फुकटची लॅब उघडून द्या त्याला. फक्त ताईंना माझं नाव सांगू नका हं!